दुबईमार्गे जर्मनीला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची ट्रान्स स्त्री. सिंहगड रोडला आईबरोबर राहते, हिंजवडीत नोकरी करते. कंपनी मला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला म्यूनिकला पाठवतेय. राजपत्रात नाव बदललंय, जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखप्रमाणपत्र आहे, नव्या पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात ‘टी’ (ट्रान्सजेंडर) आहे. पण २०२३ मध्ये जुन्या नावाच्या पासपोर्टवर मी जर्मनीला जाऊन आले होते. ते व्हिसासाठी सांगायचं का? ऑफिसने सुचवलेलं तिकीट पुणे–दुबई–म्यूनिक असं आहे. आई फार घाबरलीय.
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुबईमार्गे जाऊ नकोस. बाकीचं सांगतेच, पण हे आधी.

मी स्वतः ट्रान्स स्त्री आहे आणि कॅम्पातल्या एका ऑफिसात तिकिटं काढते. दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडतं, हे मला माहीत आहे. पण अमिरातीचा कायदा आपली ओळख मानत नाही. २०१६ मध्ये कॅनडाच्या एका प्रसिद्ध ट्रान्स यूट्यूबरला दुबई विमानतळावर अडवून ठेवलं होतं. तिच्या पासपोर्टवर तर ‘स्त्री’ अशीच नोंद होती. पुढच्याच वर्षी अबू धाबीच्या मॉलमध्ये सिंगापूरच्या दोघांना त्यांच्या कपड्यांवरून पकडलं. त्यातली एक ट्रान्स स्त्री होती. दोघांना वर्षभराची कैद सुनावली. अपिलात ती कमी होऊन दंड झाला आणि देशाबाहेर काढलं.

ऑफिसवाले म्हणतील, तिथे फक्त विमान बदलायचंय. एकाच तिकिटावर आतल्या आत विमान बदललं तर इमिग्रेशनपुढे जावं लागत नाही, हे खरं. पण पुणे–दुबई एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट असेल, तर बॅग घेण्यासाठी बाहेर यावंच लागतं. पुढचं विमान चुकलं आणि रात्र हॉटेलात काढायची वेळ आली, तरी तेच. अशा वेळी तू एकटी काउंटरसमोर उभी असशील. मुंबईहून म्यूनिकला आणि फ्रँकफर्टला थेट विमानं आहेत. पुण्याहून टॅक्सीने मुंबई गाठ. एचआरला सरळ लिही की सुरक्षिततेसाठी मला थेट विमान हवं. त्यांनीच तुला पाठवायचं ठरवलंय, तेव्हा सुखरूप पोचवणं हेही त्यांचंच काम.

आता व्हिसा. जुनं नाव अजिबात लपवू नकोस. शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) घेतलेले बोटांचे ठसे त्यांच्या यंत्रणेत पाच वर्षं राहतात. नाव बदललं तरी ठसे तेच, त्यामुळे २०२३ ची नोंद निघणारच. ती त्यांना आपणहून सापडण्याआधी तू सांगितलेलं बरं. अर्जासोबत अर्ध्या पानाचं पत्र, राजपत्राची प्रत, ओळखप्रमाणपत्र आणि दोन्ही पासपोर्ट दे. जर्मनीहून येणारं निमंत्रणपत्र आणि इन्शुरन्स नव्याच नावाने आहे ना, हे स्वतः वाचून बघ. एचआरच्या जुन्या यादीतून जुनं नाव कुठूनही डोकावतं.

‘टी’ची मला जर्मनीत फार काळजी वाटत नाही. तिथे २०१८ च्या अखेरीपासून जन्मनोंदीत ‘डिव्हर्स’ हा तिसरा पर्याय आहे. अडतं ते तिकिटाच्या संगणकात. पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एफ (स्त्री), एम (पुरुष) आणि एक्स (लिंग नमूद नाही) एवढीच अक्षरं आहेत, ‘टी’ नाही. वेबसाइटवर अंदाजाने काहीतरी निवडू नकोस. एअरलाइनला फोन करून पासपोर्टप्रमाणे नोंद करायला सांग आणि उत्तर मेलवर मागून घे.

सुरक्षा तपासणीचं मात्र मनावर घे. एका विमानतळावर मला कोणी तपासायचं यावरून दोघे कर्मचारी माझ्यादेखत, मी तिथे नसल्यासारखे बोलत होते. तो अपमान अजून जात नाही. म्हणून रांगेत शिरतानाच शांतपणे सांग, महिला कर्मचारी आणि आडोसा हवा. युरोपात बॉडी स्कॅनर नाकारून हाताने तपासणी मागता येते. पॅडिंग वापरत असशील तर आधीच सांग.

हार्मोनच्या गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेव. सोबतची डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टवरच्या नावाने हवी. जुन्या नावाची असेल तर या आठवड्यात बदलून घे.

आईला तिकीट, व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती देऊन ठेव. म्यूनिकमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे. त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये तूच सेव्ह करून दे.