पितळी तांब्या प्लास्टिकचा का दिसतो

लग्नपत्रिकेसाठी गिंपमध्ये (चित्रं काढण्या-सुधारण्याचा मोफत प्रोग्राम) पितळी तांब्या काढला, ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा) दिला, पांढरी चमक दिली, ड्रॉप शॅडो (प्रोग्रामची तयार सावली) दिली, तरी तो प्लास्टिकचाच दिसतो, असं तुमचं म्हणणं. चित्र पाहिलं. काठ, गळा, पोट, बूड, सगळी वळणं झकास जमली आहेत. घोटाळा रंगवण्यात आहे, आणि तो मीही बरीच वर्षं केलाय.

तुम्ही तांब्याला कडेला गडद आणि मध्ये उजळ असा पिवळा ग्रेडियंट दिलात आणि वर पांढरा ठिपका ठेवलात. अगदी असंच प्लास्टिक दिसतं! प्लास्टिकमध्ये शिरलेला प्रकाश रंग घेऊन बाहेर पडतो, आणि थोडासा प्रकाश वरच्या वरच, रंग न घेता परततो. म्हणून पिवळ्या बादलीवरची चमकसुद्धा पांढरी असते. धातूत प्रकाश आत शिरून परत येत नाही. जे दिसतं ते सगळं प्रतिबिंब, आणि पितळ त्यातला निळा भाग बराचसा खातं म्हणून ते पिवळं. थोडक्यात, चिंच लावून घासलेला तांब्या म्हणजे पिवळा आरसा. आरसा रंगवायचा तर खोली रंगवावी लागते.

म्हणून आधी घरातला खरा तांब्या खिडकीशी ठेवा आणि पाच मिनिटं नुसता बघा. खिडकीचा उजळ उभा पट्टा दिसेल, त्याला अगदी लागून जवळजवळ काळा पट्टा, मग भिंतीचा मध्यम पिवळा. हळूहळू उतरत जाणारी छटा फारशी सापडणार नाही. उजेड आणि काळोख शेजारी शेजारी, हेच घासलेल्या धातूचं लक्षण. भांड्यांचे फोटो काढणारे मुद्दाम दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करतात, कडा उठून दिसाव्यात म्हणून.

आता गिंपमध्ये. तांब्याच्या आकाराचं सिलेक्शन करून मध्यम, जरा मळकट पिवळा भरा. वेगळ्या लेयरवर (चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर) पाथ टूलने, म्हणजे वळणदार रेघा आखायच्या हत्याराने, पट्टे काढा. पट्टे सरळ नकोत. गळ्याशी ते अरुंद होतील, पोटावर फुगतील, बुडाशी पुन्हा आवळतील, आणि कडेकडे जाताना एकमेकांत दाटी करतील, कारण फुगीर पोटात आख्खी खोली मावलेली असते. पट्ट्याची एक कड धारदार ठेवा आणि दुसरी ब्लर करा. दोन्ही सारख्या ठेवल्या की पुन्हा प्लास्टिक. गडद पट्ट्यांसाठी काळा वापरू नका, खोल तपकिरी घ्या. चमकही पिवळसरच ठेवा, फक्त खिडकीच्या अगदी मधल्या भागात पांढरी जाऊ द्या.

गळ्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. काठाखालचा भाग खाली झुकलेला असतो, त्याला छत दिसत नाही, तांब्याचाच खांदा दिसतो. म्हणून तिथे खांद्याचा पिवळा आणखी गडद होऊन उतरतो. माझ्या मते एवढा एक पट्टा नीट पडला तर निम्मं काम झालं.

(ठोक्याचा तांब्या हवा असेल, पुण्याच्या तांबट आळीत करतात तसा मठार (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) असलेला, तर गणित बदलतं. तिथे प्रत्येक ठोका हा छोटा आरसा असतो आणि प्रत्येकाला आपापली चमक लागते. बंप मॅपने (उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या फिल्टरने) काम भागतं असं म्हणतात, मला ते कधी पटलेलं नाही. हातानेच करा.)

सावलीचं बघू. ड्रॉप शॅडो सगळीकडे सारखीच धूसर असते, त्यामुळे वस्तू भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी दिसते. खरी सावली बुडाशी गडद आणि रेखीव असते, लांब जाईल तशी फिकी आणि पसरट होते. सावलीचा लेयर दोनदा करा. 2000 पिक्सेल रुंद चित्रात एकाला 4 आणि दुसऱ्याला 40 च्या आसपास ब्लर द्या आणि मास्कमध्ये (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणाऱ्या झाकणात) ग्रेडियंट ओढून एकातून दुसऱ्यात जा. शिवाय बुडाला अगदी लागून केसाएवढी गडद रेघ हवी, नाहीतर तांब्या तरंगतो. पितळ उजेडाच्या बाजूला पाटावर थोडा पिवळा कवडसाही टाकतं, तो हलकाच द्या.

तुम्ही गिंप 2.10 वापरत असाल आणि ज्या धड्यावरून शिकताय तो 2.8 च्या काळातला असेल, तर लेयर मोडचे (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा त्या पर्यायांचे) परिणाम जुळणार नाहीत. 2018 मध्ये ते बदलले. मोडच्या यादीशेजारच्या छोट्या बटणाने जुने मोड परत मिळतात. 3.0 मध्ये ब्लर लावल्यावरही नंतर बदलता येतो, सावलीच्या कामाला ते फार सोयीचं.

तपासायला सर्वात वर करडा भरलेला लेयर ठेवून त्याचा मोड एलसीएच कलर (LCh Color) करा, म्हणजे खालचा उजेड-काळोख तसाच राहून फक्त रंग जातो. रंग गेल्यावरही तांब्या धातूचा दिसला तर पट्टे बरोबर आहेत. पत्रिकेची पार्श्वभूमी फोटो असेल तर त्यात बारीक दाणे असतात, तुमच्या चित्रात नसतात. शेवटी तांब्यावर थोडा नॉइज, म्हणजे तसेच बारीक दाणे, टाका.

आणि तांब्यावरचे पाण्याचे थेंब कसे काढायचे, तेही तुम्ही विचारलं होतं. उजेड डावीकडून वरून येत असेल तर थेंबाचा आतला भाग त्याच बाजूला गडद आणि उजवीकडे खाली उजळ असतो, कारण पाणी भिंगासारखं प्रकाश पलीकडे गोळा करतं. पांढरा टिपका मात्र डावीकडे वर, त्या गडद भागातच. लोक हे नेमकं उलटं काढतात आणि मग थेंबाचा फोड दिसतो.