पहिला टॉर्च उघडण्याआधी

टॉर्चमधला एलईडी स्वतः बदलायचा असेल, तर महागडा टॉर्च लगेच उघडू नकोस. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारातून एखादा साधा घे, बिघडला तरी हळहळ वाटणार नाही.

आधी डोळा तयार कर. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत वाटतो, पण रात्री सिंहगडाच्या वाटेवर त्यात माती, मुळं, वाळलेलं गवत सगळं एकसारखं फिकट दिसतं. सुरुवातीला ४००० ते ४५०० केल्विन आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी आकडा) ९०च्या वर घे. निचिया कंपनीचा ५१९ए एलईडी मला या कामी फार आवडतो. तपासायची सोपी रीत: उजेड तळहातावर पाड. हात जिवंत, गुलाबीसर दिसला तर टिंट, म्हणजे उजेडाची छटा, चांगला. हिरवट, आजारी दिसला तर दुसरा बघ.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या असतात:

- ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) ३ व्होल्टचा आणि एलईडी ६ व्होल्टचा. तो पेटणारच नाही. खरेदीआधीच बघ.
- एलईडीच्या घुमटावर चिमटा लावून उचलणं. तो मऊ सिलिकॉनचा असतो, चटकन फाटतो. कडेने धर.
- एलईडीच्या बोर्डाखाली थर्मल पेस्टच (उष्णता वाहून नेणारा लेप) न लावणं, किंवा लोण्यासारखी थापणं. पातळ थर पुरतो.

आणि सेलशी खेळ नको. सोल्डरिंगआधी १८६५० (टॉर्चमधला लिथियम-आयन सेल) बाहेर काढ. वेष्टन फाटलेला सेल वापरूच नकोस, शॉर्ट झाला तर आग लागते. हे मी कळकळीने सांगतोय.

ड्रायव्हर आणि त्यातला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, नंतर बघू. आत्ता एकच एलईडी बदल, आणि जुना-नवा उजेड पांढऱ्या भिंतीवर शेजारी-शेजारी पाडून बघ.