सर्वेक्षणावर आधारित शोधनिबंध टप्प्याटप्प्याने कसा लिहावा?

तुमचा विषय ठरलाय (म्हापशाच्या बाजारातले विक्रेते यूपीआय वापरतात का), गूगल फॉर्म तयार आहे, हातात एक सत्र आहे आणि आता पुढचे टप्पे हवेत. मी उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि वाणिज्य शाखेच्या मुलांच्या प्रोजेक्टना मार्गदर्शन करते. माझं पहिलं सांगणं एवढंच की तो फॉर्म सध्या बाजूला ठेवा.

आधी कोऱ्या कागदावर रिकामे तक्ते काढा. निबंधाच्या 'निष्कर्ष' प्रकरणात जे छापले जातील तेच, फक्त आकडे न भरलेले. आडव्या ओळींत वय, उभ्या रकान्यांत 'यूपीआय घेतो' आणि 'घेत नाही'. दुसरा तक्ता कायम दुकानवाले विरुद्ध फक्त शुक्रवारी, म्हणजे आठवडी बाजाराला, बसणारे. असे तीन-चार तक्ते पुरतात. जो प्रश्न यातल्या एकाही तक्त्यात जात नाही तो फॉर्ममधून काढायचा. धर्म, शिक्षण, मुलं किती, असले प्रश्न बहुतेक वेळा 'असू दे' म्हणूनच घातलेले असतात. तक्त्यातूनच तुमचं गृहीतकही सुचतं: वय आणि यूपीआय यांचा संबंध आहे की नाही. आणि चाचणीही ठरते, इथे काय-स्क्वेअर, म्हणजे तक्त्यातल्या दोन गोष्टींचा संबंध आहे की तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो हे तपासणारी.

नमुना किती घ्यायचा हेही तक्त्यालाच विचारा. समजा 100 विक्रेत्यांत साठीपुढचे 10 निघाले आणि एकूण 20 जण यूपीआय घेत नाहीत. मग 'साठीपुढचे, न घेणारे' या चौकटीतली अपेक्षित संख्या (वय आणि यूपीआय यांचा काहीच संबंध नसता तर तिथे जेवढे पडले असते ती) 10 गुणिले 20 भागिले 100, म्हणजे 2. काय-स्क्वेअरला ती साधारण 5 तरी लागते. म्हणजे वयाची रेघ साठीऐवजी पंचेचाळीसवर ओढायची की ज्येष्ठ विक्रेते मुद्दाम जास्त घ्यायचे, हे बाजारात जाण्याआधी ठरवायला हवं. सगळीकडे दिसणारा 384 हा आकडा मोठ्या लोकसंख्येसाठी आहे: 95 टक्के विश्वासपातळी आणि टक्केवारीच्या अंदाजात 5 टक्के इकडेतिकडे चूक धरून. 100 जणांत ही चूक 10 टक्क्यांच्या आसपास जाते. पदवीच्या प्रोजेक्टला ते चालतं, फक्त तसं लिहायचं.

शुक्रवारी खाली बसणाऱ्यांची यादी तुमच्या हातात नसणार. तेव्हा एका टोकाने सुरुवात करून दर पाचव्या विक्रेत्याला विचारा. ओळखीच्या मावशीपासून सुरू करून तिने दाखवलेल्यांकडे जाऊ नका. दिवसही बघून निवडा. पुरुमेंताच्या (पावसाळ्याची बेगमी करण्याच्या) दिवसांतला मे महिन्यातला शुक्रवार किंवा चतुर्थीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार वेगळाच असतो. गर्दीत तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते आणि जे बोलतात ते सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात.

फॉर्म त्यांना पाठवू नका, तुम्ही विचारा आणि तुम्हीच भरा. प्रश्न कोंकणीत विचारणार असाल तर वाक्य आधी लिहून ठेवा, 'तुमी मोबायलाचेर पयशे घेतात?' असं, आणि प्रत्येकाला तेच विचारा. एकाला असं आणि दुसऱ्याला 'घेत नाय मगो?' असं विचारलंत तर उत्तरं एकाच रकान्यात बसत नाहीत. उत्पन्न विचारू नका, सोपोवाला (बाजारकर वसूल करणारा) आला असं वाटून लोक गप्प होतात. त्याऐवजी 'दहा गिऱ्हाइकांतले किती जण मोबाइलवर देतात' हे सांगायला सोपं आणि तक्त्यालाही जास्त उपयोगी. खऱ्या फेरीआधी आठ-दहा जणांवर प्रश्न वापरून बघा, ते लोक मुख्य नमुन्यात धरू नका.

माहिती एक्सेलमध्ये एका ओळीत एक विक्रेता अशी भरा. 'उत्तर दिलं नाही' याला वेगळा कोड द्या, शून्य नको, शून्य म्हणजे खरंच शून्य गिऱ्हाइकं. विश्लेषणाला जामोव्ही हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरतं.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमासारखा ठेवू नका. 'संशोधन पद्धती' सर्वेक्षण चालू असतानाच लिहा, नंतर कुठल्या टोकाने सुरुवात केली तेही आठवत नाही. मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना. यूपीआय 2016 मध्ये आलं वगैरे माहिती प्रस्तावनेत चार ओळींत आटपते, तिच्यावर पहिले दोन महिने घालवू नयेत. पूर्वीचं संशोधन मात्र पहिल्या आठवड्यापासून वाचा आणि कोणाला काय विचारलं, काय आढळलं, एवढंच टिपून ठेवा.

पी-मूल्य (संबंध नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05 च्या वर आलं तर घाबरून नवनव्या चाचण्या लावत बसू नका. दोन्ही गटांची टक्केवारी द्या, फरक किती ते सांगा आणि एवढ्या नमुन्यात संबंध सिद्ध झाला नाही असं सरळ लिहा. 'संबंध नाही' असं लिहिलंत तर व्हायवाला परीक्षक तिथेच पकडतील. सारांश सगळ्यात शेवटी लिहा आणि त्यात नमुन्याची संख्या आणि मुख्य टक्केवारी येऊ द्या.