भट्टीवरच्या कुटुंबांसाठी मी कोर्टात जाऊ शकते का?

प्रश्न : मॅडम, मी रायगड जिल्ह्यात झेडपी शाळेत शिकवते. दिवाळी झाली की वर्गातली कातकरी पोरं आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात ती पाऊस आल्यावरच परत दिसतात. मालकाने आधीच उचल दिलेली असते, हिशोब त्याच्याच वहीत, आणि फिटली म्हणेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. तक्रार करायला कुणी तयार नाही, सगळे घाबरतात. मी त्यांच्या जातीची नाही, नात्याची नाही, मग त्यांच्या वतीने मी केस करू शकते का? की कोर्ट म्हणेल, बाई तुमचा काय संबंध? (नाव छापू नका)

उत्तर : ताई, करू शकता. पूर्वी नियम असाच होता की ज्याचं नुकसान त्यानेच यायचं, पण 1981 च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की गरिबी किंवा अडचणीमुळे ज्यांना स्वतः दारात येता येत नाही त्यांच्यासाठी कुणीही प्रामाणिक नागरिक येऊ शकतो, त्यालाच आपण जनहित याचिका म्हणतो. आणि तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची केस म्हणजे बंधुआ मुक्ती मोर्चा, 1984, हरियाणात फरीदाबादच्या दगडखाणीतले मजूर. त्याच नावाच्या संघटनेने नुसतं एक पत्र पाठवलेलं, कोर्टाने तेच याचिका म्हणून धरलं आणि पाहणीला आपली माणसं खाणीवर पाठवली. सरकारचं म्हणणं होतं की हे मजूर वेठबिगार नाहीतच, त्यावर कोर्ट म्हणालं की जबरदस्तीने काम करून घेतलं जातंय एवढं दिसलं तरी मागे उचल किंवा तसंच काहीतरी आहे असं धरून चालायचं, नसेल तर मालकाने दाखवावं. अंगठा लावलेल्या वहीपुढे गरीब माणूस काय पुरावा आणणार होता हो?

पण पत्र टाकलं की काम झालं असं समजू नका. आता कोर्ट कसून विचारतं की तुमचा यात फायदा काय, माहिती कुठून आणली, आधी अधिकाऱ्यांकडे गेलात का. फुकाची याचिका निघाली तर खर्चाचा दंड बसतो. एका कुटुंबाची थकलेली मजुरी एवढाच विषय असेल तर जनहित याचिका ती जागाच नाही.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या मुलांसाठी याचिका केली होती, तारखांवर तारखा पडायला लागल्यावर वैतागून त्यांनी ती मागे घ्यायची परवानगी मागितली. 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने नकार दिला, त्यांचंच नाव काढून टाकलं आणि केस विधी सहाय्य समितीकडे देऊन पुढे चालू ठेवली. बाईंचा वैताग मला पूर्ण पटतो, पण निकालही बरोबरच, कारण ज्या मुलांसाठी ती याचिका होती ती काही तुरुंगातून सुटली नव्हती. म्हणजे केस एकदा उभी राहिली की ती तुमच्या मालकीची राहत नाही. म्हणून आधी त्या बायामाणसांशी बोला, भट्टीवर नाही, वाडीवर, मालकाचा माणूस नसताना. त्यांना सुटका हवीय, की हिशोब नीट हवाय, की पोरांची शाळा, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. उद्या मालक चिडला तर उपाशी राहणार ते, तुमचा पगार चालूच राहणार ना.

आणि हायकोर्टाच्या आधी जवळचा रस्ता आहे. 1976 च्या वेठबिगार कायद्याखाली जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असते, उपविभागाच्या समितीचे अध्यक्ष प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, किंवा त्यांनी नेमलेला माणूस. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही या कायद्यात मालकावरच आहे. वेठबिगारीत अडकलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. प्रांत ऑफिसात अर्ज द्याल तेव्हा किती कुटुंबं, कुठली भट्टी, किती उचल, हजार विटांना काय भाव, सगळं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, हायकोर्टात जायची वेळ आलीच तर पहिल्यांदा तीच मागतील.