मापात दोन मिलिमीटरचा फरक: कॅलिपर बदलू नका, खूण ठरवा

ताई, तुमचं म्हणणं असं की प्रबंधासाठी मोजताना कवटी एक, कॅलिपर (दोन टोकांमधलं अंतर मोजायचं साधन) एक, तरी डोळ्याच्या खोबणीची रुंदी तुम्हाला ३९ मिलिमीटर आली आणि मैत्रिणीला ४१. मग नवा डिजिटल कॅलिपर घ्यावा का? घेऊ नका. आपल्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला टर्नर साध्या व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतो. दोन मिलिमीटरचा फरक कॅलिपरनं पडत नाही. रुंदी जिथून मोजायची ती नाकाकडची खूण तुम्ही दोघींनी वेगवेगळी धरली असणार.

तिथं दोन खुणा अगदी शेजारी आहेत. फ्रंटल (कपाळाचं), लॅक्रिमल (अश्रूंच्या खाचेजवळचं) आणि मॅक्झिला (वरच्या जबड्याचं) ही तीन हाडं जिथं भेटतात तो डॅक्रिऑन. त्याच्या जरा पुढं, नाकाच्या अंगाला, लॅक्रिमल खाचेचा पुढचा कंगोरा वर चढत जाऊन फ्रंटल-मॅक्झिलाच्या सांध्याला मिळतो, तो मॅक्झिलोफ्रंटाले. इथून मोजलं की रुंदी जास्तच भरते. बाहेरची, म्हणजे कानाकडच्या कडेवरची खूण, एक्टोकॉन्किऑन, दोन्ही वेळा तीच.

आता हिशेब बघा. उंची ३४ धरा. ३४ भागिले ३९ गुणिले १००, म्हणजे उंची रुंदीच्या शेकडा किती, हा निर्देशांक आला ८७.२. तो ८३ ते ८९ मध्ये बसतो, म्हणजे मेसोसीम, मध्यम उंचीची खोबण. रुंदी ४१ घेतली की ८२.९, आणि तीच कवटी मायक्रोसीम, म्हणजे ८३ च्या खालची, बुटक्या खोबणीची! प्रबंधाचा निष्कर्षच फिरला.

हे मी स्वतः भोगलंय. लॅक्रिमल हाड करंगळीच्या नखाएवढं, कागदासारखं पातळ. जुन्या कवट्यांत ते बऱ्याचदा फुटलेलं असतं. माझ्या प्रबंधाच्या वेळी जिथं ते फुटलं होतं तिथं मी नकळत मॅक्झिलोफ्रंटालेवरून मोजत गेलो. चाळीस कवट्या झाल्यावर लक्षात आलं. सगळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

म्हणून आधी दोघी बसून एकच खूण ठरवा आणि पद्धतीच्या प्रकरणात ती नाव घेऊन लिहा. टेबल लॅम्प तिरका ठेवला की सांधे उठून दिसतात. कॅलिपरची टोकं नुसती टेकवा, दाबू नका. खोबणीची नाकाकडची भिंत इतकी पातळ असते की मागून टॉर्च धरला तर उजेड आरपार येतो. उंची मात्र रुंदीच्या रेषेला काटकोनातच घ्यायची, डोळ्याला मोठी वाटेल तिथून तिरकी नाही. आठवड्यानं त्याच कवट्या जुने आकडे झाकून पुन्हा मोजा, म्हणजे तुमची मापं तुमच्याशीच जुळतात का ते कळेल.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. खोबणीच्या वरच्या कडा धारदार दिसल्या म्हणून कवटी बाईची ठरवायची आणि मग बायकांच्या खोबणीची सरासरी काढायची, असं करू नका. नोंदवहीत लिंग नसेल तर 'अज्ञात' लिहा. आणि जिथं ठरवलेली खूणच फुटलीय तिथं अंदाज न बांधता 'मोजता आले नाही' एवढंच लिहा.