२० टक्के मतं आणि १९ वर्षं

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात जो ब्येल्के-पीटरसन हे २० टक्के मतांवर १९ वर्षं मुख्यमंत्री राहिले म्हणे! मतदार झोपले होते का? तुम्ही तेव्हा तिकडेच होतात ना?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : शेवटची तीन वर्षं होतो. १९८५च्या जानेवारीत राज्याच्या राजधानीत, ब्रिस्बेनला उतरलो आणि महिन्याभरात घरात मेणबत्त्या आणाव्या लागल्या. वीज कामगारांचा संप होता. जोंनी आणीबाणी पुकारली आणि हजारेक कामगारांना कायमचं घरी बसवलं. माझे वडील वीज मंडळात लाइनमन, त्यामुळे मला ते फार झोंबलं. शेजारचे आजोबा मात्र खूश : ‘‘जो आहे म्हणून हे राज्य चाललंय!’’ तेव्हा झोपले कुणीच नव्हते.

आता ते २० टक्के. आकडा १९७२च्या निवडणुकीचा आहे, आणि खरा आहे. पण अर्धा आहे. जोंच्या कंट्री पार्टीला २० टक्के मतं आणि ८२ पैकी २६ जागा मिळाल्या. मित्रपक्ष लिबरलला मतं जास्त, २२ टक्के, पण जागा २१. विरोधी लेबरला जवळपास ४७ टक्के मतं आणि जागा ३३! युतीच्या जागांची बेरीज ४७ झाली आणि कमी मतंवाला थोरला भाऊ ठरला.

ही किमया मतदारसंघांच्या आखणीची. राज्याचे विभाग पाडलेले होते. पश्चिमेकडच्या ओसाड मुलखातल्या मतदारसंघात ब्रिस्बेनच्या जवळपास निम्मे मतदार. लोक याला जोंचं कारस्थान म्हणतात, पण ही विभागांची पद्धत १९४९मध्ये आणली लेबरच्याच सरकारनं, कारण तेव्हा आतल्या भागातली मतं त्यांची होती. सरकारला अडवणारं वरचं सभागृह १९२२मध्ये मोडीत काढलं तेही लेबरनंच. जोंना चूल आयती पेटलेली मिळाली; त्यांनी फक्त जाळ मोठा केला.

आणि माणूस लोकांना आपला वाटायचा, हे विसरू नका. तुम्ही चोपड्याचे, भुईमुगाचं शेत तुम्हाला सांगायला नको. हा क्वीन्सलँडमधल्या किंगरॉय गावचा भुईमूगवाला. लहानपणी पोलिओ झाल्यानं एक पाय अधू, ऐन तारुण्यातली पंधरा वर्षं जुन्या गोठ्यात काढलेली. दोन अवजड यंत्रांमध्ये साखळदंड ताणून रान साफ करायची युक्ती त्यांनी वापरली. पुढे राज्यही तसंच चालवलं असं माझं मत. १९७१मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोरा रग्बी संघ आला, वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं होणार म्हणून महिनाभर आणीबाणी. १९७७मध्ये रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांवर बंदी. १९७९मध्ये जुनं बेलव्ह्यू हॉटेल मध्यरात्रीनंतर पाडलं. सकाळी लोकांना ढिगारा दिसला. पत्रकारांशी बोलण्याला ते ‘कोंबड्यांना दाणे टाकणं’ म्हणत आणि अडचणीचा प्रश्न आला की ठरलेलं वाक्य : ‘डोन्ट यू वरी अबाउट दॅट!’

प्रश्न : मग ते तुरुंगात गेले का? – तेच वाचक

उत्तर : नाही. इतर गेले. १९८३मध्ये लिबरलशी युती तुटली, निवडणुकीत जोंना ८२ पैकी ४१ जागा मिळाल्या. बहुमताला एक कमी! तेव्हा दोन लिबरल आमदार इकडे आले आणि मंत्रीही झाले. (हे वाचताना तुम्हाला घरच्यासारखं वाटत असेल.) ते दोघंही पुढे सरकारी खर्चाच्या खोट्या हिशेबांपायी तुरुंगात गेले.

मे १९८७मध्ये एबीसी या सरकारी वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमानं पोलीस, जुगार आणि वेश्याव्यवसाय यांचं साटंलोटं दाखवलं. जो राज्याबाहेर होते. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या उपमुख्यमंत्री बिल गन यांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी जाहीर केली. टोनी फिट्झजेराल्ड यांचा हा आयोग काही आठवड्यांत आटपायचा होता, चालला दोन वर्षं. पोलीस आयुक्त टेरी लुईस यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. १९८७च्याच नोव्हेंबरात पक्षानं जोंच्या जागी माइक आहर्न यांना निवडलं, तर हे कार्यालयाचं दार लावून आत बसले! आम्ही रोज संध्याकाळी टीव्हीवर ते बंद दार बघायचो. १ डिसेंबरला राजीनामा आला. १९९१मध्ये शपथेवर खोटं बोलल्याचा खटला उभा राहिला, पण ज्यूरीचं एकमत झालं नाही. ज्यूरीतला एक जण जोंच्याच पक्षाच्या युवक शाखेचा निघाला. जो ऐंशीचे झाले होते म्हणून खटला पुन्हा चालवला नाही. २००५मध्ये, ९४व्या वर्षी, किंगरॉयलाच गेले.

प्रश्न : त्यांच्या पत्नीचे भोपळ्याचे स्कोन (छोटे गोडसर पाव) प्रसिद्ध आहेत ना? कृती द्याल? – एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : लेडी फ्लो स्वतः बारा वर्षं सिनेटर होत्या, पण लोकांना स्कोनच आठवतात. लाल भोपळा शिजवून, कुस्करून पूर्ण गार करायचा. लोणी-साखर फेटून त्यात अंडं, मग भोपळा, मग बेकिंग पावडर मिसळलेला मैदा. फार मळायचं नाही, जाडसर थापून वाटीनं कापायचं आणि गरम ओव्हनमध्ये टाकायचं. आमच्या हिनं एकदा केले होते. उरलेल्या भोपळ्यात गूळ घालून दुसऱ्या दिवशी घाऱ्या केल्या, त्या आधी संपल्या.