करंटची मर्यादा किती ठेवावी?

प्रश्न : गूळ पावडर भरायच्या मशीनच्या स्क्रू फीडरला १२ व्होल्टची गिअरवाली डीसी मोटर आहे. तिच्यावर १ अँपिअर लिहिलंय. ड्रायव्हरला (मोटर चालवणाऱ्या सर्किटला) डीआरव्ही८८७१ चिप असून आयलिम पिनवर, म्हणजे करंटची मर्यादा ठरवणाऱ्या पिनवर, १५ केचा (किलोओहमचा) रेझिस्टर लावलाय. पावडर अडली की मोटर गचके देते आणि चिपला हात लावता येत नाही. मोठी चिप घ्यावी का?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : चिप बदलू नका, रेझिस्टर बदला. या चिपमध्ये ६४ ला रेझिस्टरच्या किलोओहमने भागलं की मर्यादा अँपिअरमध्ये मिळते. १५ के म्हणजे जवळपास ४.३ अँपिअर, आणि चिपची कमाल क्षमता ३.६. म्हणजे मर्यादा असून नसल्यासारखी. चिपच्या आतल्या मॉसफेटचा (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) रोध साधारण ०.५६५ ओहम, त्यामुळे एवढ्या करंटला १० वॉट उष्णता होते. चिप तापून बंद पडते, निवली की परत सुरू होते. गचके त्याचेच.

मोटरवरचा १ अँपिअर हा चालू असतानाचा करंट. अडलेली मोटर किती खेचेल ते वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध ठरवतो. तो मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर नीट कळत नाही, ब्रश आणि प्रोबचा रोध त्यात मिसळतो. बेंच सप्लायवरून (करंट ठरवून देता येणाऱ्या पॉवर सप्लायवरून) मोटर हलणार नाही इतकाच, साधारण ०.१ अँपिअर सोडा आणि थेट टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. मोटर थोडी फिरवून तीन-चार जागी मोजा, सर्वांत कमी आकडा धरा. ०.२४ व्होल्ट आले तर रोध २.४ ओहम, आणि अडल्यावरचा करंट १२ भागिले २.४, म्हणजे ५ अँपिअर. पूर्ण वेगात असताना एकदम उलटी फिरवली तर क्षणभर याच्या दुपटीजवळ जातो.

आता फीडर भरून चालवा आणि करंट मोजा. कोरड्या पावडरीवर मोजून उपयोग नाही, पावसाळ्यात गुठळ्या धरलेली पावडर घ्या. समजा ०.९ आला, तर सुटायला जोर मिळावा म्हणून मर्यादा दुपटीच्या आसपास ठेवा. ३३ केला १.९४ अँपिअर मिळतो. रेझिस्टर १ टक्क्याचा घ्या. चिपखाली तांब्याचा भरपूर भाग ठेवा आणि तिचा तळचा पॅड नीट सोल्डर करा. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. सप्लाय पिनजवळ १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर हवाच.

ही मर्यादा चिपला वाचवते, मोटरला नाही. अडलेल्या मोटरमध्ये १.९४ अँपिअरला ९ वॉट जिरतात आणि थोड्याच वेळात वाइंडिंगचा वास येऊ लागतो. या चिपमधून करंट किती चाललाय ते बाहेर कळत नाही, म्हणून शाफ्टवर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून एक सेकंद पल्स आला नाही की सप्लाय तोडा.

प्रश्न : मोटर चालवायला एल२९८ ड्रायव्हर मॉड्यूल स्वस्त आहे, २ अँपिअर देतं. तेच का नको?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : त्यात करंटची मर्यादा आपोआप लागत नाही. शिवाय २ अँपिअरला आतच ४.९ व्होल्टपर्यंत पडतात. १२ व्होल्टच्या मोटरला उरतात ७, आणि बाकीचं हीटसिंक तापवायला.